रिकाम्या गिरणीचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. नेरे गावात, भिवाजींच्या पिठाच्या गिरणीत, मागच्या अंधाऱ्या खोलीत माझा मुक्काम असतो. मुक्काम कसला, जाडजूड बोल्टांनी मला जमिनीला जखडून टाकलंय. तुम्ही कधी आत डोकावलात तर नाक मुरडाल. अंगभर काळं वंगण आणि त्यावर पिठाचा थर, असं माझं रूप आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटायलासुद्धा अंगात थोडा दम लागतो, आणि माझा दम आता बराचसा संपलाय.

मग आज बोलायला का बसलो? तर माझ्याबद्दल एक खोटी गोष्ट गावात काही दिवस फिरली होती. 'इंजिन बिघडलं' अशी ती गोष्ट. मित्रांनो, मी बिघडलो नव्हतो. त्या एका खोट्यापायी मी भंगारात निघालो होतो आणि गावाची गिरणी कायमची बंद पडणार होती. ते कसं घडलं, ते नीट पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म भट्टीत झाला. तांबडंलाल लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, ते निवलं आणि माझं धड तयार झालं. मग कुणी मला घासलं, कुणी भोकं पाडली, कुणी हिरवा रंग दिला. शेवटी एक म्हातारा मिस्त्री आला. त्याने मला पहिल्यांदा डिझेल पाजलं आणि माझ्या अंगाला पाना टेकवून, त्याचं दुसरं टोक कानाला लावून माझी धडधड ऐकली. 'चांगलं आहे,' एवढंच तो म्हणाला. आयुष्यात माझं इतकं थोडक्यात आणि इतकं खरं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मी नेऱ्याला आलो. माझ्यासाठी भिवाजींनी आपली बैलजोडी विकली होती. मी दारातून आत शिरलो आणि बैल दारातून बाहेर पडले. त्यांना खायला गवत लागायचं, ते बांधावर उगवायचं. मला लागणारं तेल नेऱ्याच्या कुठल्याच बांधावर उगवत नव्हतं. पण त्या दिवशी नारळ फोडण्याच्या गडबडीत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

त्याआधी गावातल्या बायका दळणाचे डबे डोक्यावर घेऊन कोसभर चालायच्या. मी आल्यावर त्यांचे पाय वाचले. गहू, ज्वारी, नाचणी, सगळं मी दळून द्यायचो. पट्टा बदलला की भातही सडून द्यायचो. आंबेमोहर सडताना सगळ्या खोलीत वास भरायचा. बायका पदराने तोंड झाकून माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, 'चंद्राबाई, तुमचं इंजिन लई गुणाचं हाय गं.' चंद्राबाई म्हणजे भिवाजींची बायको. ती हसून माझ्या टाकीवर कुंकवाचं बोट लावायची.

मला सुरू करणं एकट्याचं काम नव्हतं. भिवाजी दोन्ही हातांनी हँडल गरागरा फिरवायचे, आणि मी वेग धरला की चंद्राबाईने माझ्या डोक्यावरचा खटका नेमका खाली पाडायचा. लवकर पाडला तर मी गप्प. उशिरा पाडला तर भिवाजींच्या खांद्याचं काही खरं नाही. कितीही भांडण झालेलं असो, त्या एका क्षणी दोघांना एकमेकांकडे बघावंच लागायचं. त्यामुळे त्या घरात अबोला कधी फार टिकला नाही.

आता भिवाजींच्या खोडीविषयी सांगतो. त्यांनी माझ्या धुराड्याच्या तोंडाशी एक लोखंडी डबा टांगला होता. धूर त्यावर आदळला की 'पुक्, पुक्, पुक्' असा आवाज निघायचा आणि पार डोंगराकडच्या वस्तीपर्यंत जायचा. तो आवाज ऐकला की बायका दळण डोक्यावर घेऊन निघायच्या. खेड्यापाड्यातल्या गिरण्यांची ती जुनी रीत आहे. पण भिवाजींना त्या आवाजाचं वेडच लागलं. एक दळण संपलं, दुसरं आलं नाही, तरी ते मला बंद करायचे नाहीत. दगड वर उचलून ठेवायचे आणि मला नुसतंच पळवत ठेवायचे.

चंद्राबाई म्हणायची, "अवं, बंद करा की. रिकामं कशापायी जाळताय?"

"तुला न्हाई कळायचं," भिवाजी म्हणायचे. "आवाज थांबला की लोक म्हंत्यात गिरण बसली. आणि एकदा बसली म्हनलं की पाय दुसरीकडं वळत्यात."

मित्रांनो, दळता दळता मी दमतो, ते दमणं बरं असतं. त्यातून कुणाची तरी भाकरी होते. पण रिकामं धावायला लागलं की जिवाला नुसता शीण होतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी तेल प्यायचो, धूर सोडायचो आणि भिवाजींची अब्रू वाजवत बसायचो.

पुढे चारेक वर्षांनी भिवाजींनी विजेची मोटर आणली. ती गोरीगोमटी, कमी बोलणारी. बटण दाबलं की चालू. मला कोपऱ्यात तसंच ठेवून वर गोणपाट टाकलं. कोंबड्यांनी माझ्या पाण्याच्या हौदाशी अंडी घालायला सुरुवात केली. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथं तर कोंबड्याही फिरल्या. एकट्या चंद्राबाईला माझी आठवण राहिली. ती अमावस्येच्या साफसफाईला गोणपाट उचलायची, माझ्यात दोन थेंब वंगण सोडायची आणि चाक हाताने थोडं फिरवून ठेवायची. 'जाम व्हयाला नगं,' असं स्वतःशीच पुटपुटायची.

त्या वर्षांत गाव माझ्या डोळ्यांदेखत बदललं. हिंजवडीला मोठमोठ्या कंपन्या आल्या. नेऱ्याच्या भातखाचरांवर मुरूम पडला, बांधांच्या जागी भिंती आल्या. ज्यांच्याकडे जमिनी होत्या त्यांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. लातूर, नांदेड, जळगावकडची नोकरदार पोरंपोरी तिथे राहायला आली. भिवाजींचा मुलगा कैलास कंपनीची गाडी चालवायला लागला. नांगरटीला ट्रॅक्टर, बाजाराला टमटम, पाण्याला पंप. बैल म्हणाल तर अख्ख्या गावात दोन-तीन जोड्या उरल्या. जी दगडी जाती पूर्वी घराघरांत घरघरायची, त्यांची तळी न्हाणीजवळ पाय ठेवायला गेली. सगळं गाव माझ्यासारखंच झालं होतं. तेल असेल तर चालणारं, नसेल तर ठप्प.

मग भारनियमन आलं. दिवसातले कितीतरी तास वीज गायब. आली तरी दाब इतका कमी की गिरणीचा दगड फिरेना. मोटर बाई मुकाट बसल्या आणि माझ्यावरचं गोणपाट निघालं. भिवाजींनी हँडल फिरवलं, चंद्राबाईने खटका पाडला आणि मी पहिल्या दमात धडधडलो. भिवाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र आनंद झाला असं खोटं सांगणार नाही. झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखी माझी गत होती.

आणि काळ आता पहिला राहिला नव्हता. डिझेल महाग होत चाललं होतं. कधी पंपावर दोरी बांधून 'साठा नाही' अशी पाटी लावलेली असायची. तरी भिवाजींची खोड जाईना. डबा वाजतोय, मी पळतोय आणि गिरणीत चिटपाखरू नाही.

एके दिवशी गोजराबाई दळण घेऊन आली. ही वरच्या आळीतली. वयाने भिवाजींपेक्षा मोठी, सगळं गाव तिला आक्का म्हणतं, आणि तिच्या जिभेला सगळं गाव भितं. तिने डबा खाली ठेवला, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "भिवा, कुणाचं दळतूयास?"

"कुणाचं न्हाई आक्का. चालू हाय नुसती."

"मग काय वाऱ्याचं पीठ करतूयास व्हय रं?"

भिवाजी ओशाळून हसले. गोजराबाई पोत्यावर बसली. "ह्ये बग, लावणीला आमी सावड करतो का न्हाई? आज तुझ्या खाचरात समद्यांनी जायचं, उद्या माझ्या. मग दळणालाच काय धाड भरलीया? समद्यांनी एका दिशी यायचं. एकामागं एक दळण ओतायचं. शेवटचं झालं की इंजिन बंद. हप्त्यातनं दोन दिस बास झाले."

"आणि बाकीचे दिस? आवाज नगं यायला?"

"आमी काय आवाज खातो व्हय?"

तिथेच कल्पना उभी होती. ती लातूरकडची, हिंजवडीत नोकरीला आणि भिवाजींकडेच भाड्याने राहायची. ज्वारीचं ताजं पीठ लागतं म्हणून दर आठवड्याला यायची. ती म्हणाली, "आक्का, मलाही घ्या तुमच्यात. इथलं तेल संपलेलं असलं की मला एवढासा डबा घेऊन रिक्षाने दुसऱ्या गावी जावं लागतं. पिठापेक्षा जास्त पेट्रोल लागतं हो."

झालं. गुरुवार आणि रविवार ठरले. तेल कमी पडू नये म्हणून प्रत्येक घराने आपापल्या वाट्याचं तेल आधीच आणून गिरणीतल्या निळ्या पिंपात ओतायचं, असंही ठरलं. गावात तेल बचतीवर सभा झाली नाही, भाषण झालं नाही. बायकांनी पोत्यावर बसून ठरवलं आणि पाळलं. दळणाच्या दिवशी त्या एकदम यायच्या, नंबर लावायच्या, गप्पा मारायच्या. मी भरल्या पोटाने दळायचो आणि दुपारी गप्प व्हायचो. आयुष्यात पहिल्यांदा मला दमल्यावर विसावा मिळाला.

पण भिवाजींना ती शांतता सोसवेना. सोमवारी, मंगळवारी ते उंबऱ्यात बसून धुराड्याकडे बघत राहायचे. रस्त्याने जाणाऱ्याने सहज विचारलं, 'काय भिवाजी, गिरण बंद?' तरी त्यांचा चेहरा उतरायचा. आपलं गावातलं वजन त्या पुक्-पुकमध्येच आहे, असं त्यांना मनापासून वाटायचं. माणूस वाईट नव्हता. फक्त आवाज आणि काम यातला फरक त्यांना करता येत नव्हता.

त्या वर्षी तुळशीची लग्नं लागली आणि दोन गोष्टी एकदम आल्या. पहिली म्हणजे टँकरवाल्यांचा संप होणार अशी बातमी. ती ऐकल्याबरोबर गोजराबाईने घरोघर फिरून सगळ्यांचं तेल आणवलं आणि पिंप काठोकाठ भरून घेतलं. नवा भात घरात आला होता, तो सडायचा होता. संप लांबला तरी गावाचं दळण अडू नये, एवढी तरतूद झाली. पिंप भरलं तेव्हा ती भिवाजींना म्हणाली, "संभाळ रं. समद्यांचं हाय."

"आक्का, काळजी सोडा," भिवाजी म्हणाले.

दुसरी गोष्ट म्हणजे कैलाससाठी लवळ्याहून सोयरीक आली. मुलीचं नाव पिंकी. तिच्या घरचे लोक घर बघायला 'येतो' म्हणाले. कधी येतो, ते काही म्हणाले नाहीत.

भिवाजींना एकच घोर लागला. पाहुणे यायचे आणि गिरणी मुकी असायची! मग मुलगी कोण देणार? शुक्रवारी सकाळीच ते हँडल घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"अगं, ये जरा. खटका पाड."

चंद्राबाई दारातच थांबली. "आज कुटं दळण हाय?"

"पाव्हणं येतील न्हवं का."

"ते तेल बायकांचं हाय, अवं."

"भरून ठिवीन की. दोन घागरी तेलाला काय हुतंय? तुझ्याच लेकाच्या लग्नाचं चाललंय ह्ये."

लेकाचं नाव निघालं आणि चंद्राबाईचा हात खटक्यावर आला. मी सुरू झालो.

शुक्रवारी पाहुणे आले नाहीत. शनिवारी आले नाहीत. मी दोन्ही दिवस उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत रिकामा पळत होतो. आवाज ऐकून कुणी विचारलं, तर भिवाजी 'घरचा भात सडतोय, माझ्याच तेलावर' म्हणून सांगायचे. रविवारी बायका दळण घेऊन आल्या, ते दळून दिलं, आणि त्या गेल्यावरही मला थांबू दिलं नाही. सोमवारी पंपावर पाटी लागली. संप सुरू झाला होता. माझ्या पोटात जाणारं तेल पिंपाच्या तळातून येतंय हे मला कळत होतं, कारण त्यात गाळ येत होता. सांगणार कसा? लोखंडाला तोंड नसतं.

सोमवारी दुपारी पाहुणे आले. पिंकीचे वडील, मामा आणि तिची आत्या सगुणाबाई. चहापाणी झालं. भिवाजी मोठ्या ऐटीत म्हणाले, "गिरण दिसभर चालू असती आपली. उसंत म्हून न्हाई." वडील आणि मामा माना डोलवत होते. सगुणाबाई मात्र उठली आणि थेट गिरणीत आली. मागोमाग सगळेच आले. तिने रिकामी पोती बघितली, झाडलेली जमीन बघितली. मग पीठ जिथून पडतं तिथे खाली तळहात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"पाव्हणं, गिरण चालतीया. पर दळण कुणाचं?"

"आत्ताच एक झालं बगा," भिवाजी म्हणाले.

"दळल्यावर हितं हात धरवत न्हाई, एवढं गरम असतं. ह्ये तर गार हाय." तिने हात पदराला पुसला. तिथे पुसायला पीठही नव्हतं. "पोरगी द्यायची म्हंजी घरात शिजतं काय ते आमी बघतो. धूर किती निघतो ते न्हाई बगत."

ती रागाने बोलली नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. पाहुणे गेले. संध्याकाळ व्हायच्या आत मी दोन आचके दिले आणि थांबलो. पिंप कोरडं पडलं होतं. सोयरीक गेली, तेलही गेलं.

मंगळवारी, बुधवारी भिवाजी मोकळा कॅन घेऊन पंपांवर फिरले. कुठेच थेंब मिळाला नाही. गुरुवार उजाडला. बायका नवा भात आणि दळणं घेऊन आल्या, ओळीने बसल्या. गोजराबाई पुढे होती.

"चल भिवा, लाव इंजिन."

भिवाजी माझ्याजवळ उभे होते. त्यांनी माझ्या टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आक्का, इंजिन बिघडलंय. आतनं गेलंय कायतरी."

मित्रांनो, इतकी वर्षं मी त्या माणसाची भाकरी दळली. आजारी पडलो तर मुकाट बरा झालो, रिकामा पळवला तर मुकाट पळालो. त्यांचा हात माझ्या अंगावर होता आणि तोंडात ते शब्द होते. मला फार लागलं ते. चंद्राबाईने मान खाली घातली.

बायका उठल्या. कुणी चिडलं नाही, यंत्र आहे, बिघडायचंच. पण त्या दिवसापासून गावाचे हाल सुरू झाले. पिंपात तेल आहे, फक्त इंजिन बंद आहे, अशी सगळ्यांची समजूत. कुणी न्हाणीजवळचं जातं उपसून धुतलं. पण वर्षानुवर्षं छिन्नीने टाकी न लावलेला, गुळगुळीत झालेला तो दगड. त्यातून पीठ कसलं, कण्याच पडायच्या. गोजराबाईने आपलं एक जातं मात्र टाकी लावून जपलं होतं. आळीतल्या सगळ्या बायका तिच्याकडे जमू लागल्या. कल्पनासुद्धा नोकरीवरून आल्यावर खुंटा धरायची आणि दुसऱ्या दिवशी हात सुजला म्हणून दाखवायची. घरोघर भाकऱ्या मोजून व्हायला लागल्या.

इकडे कैलासचा संताप अनावर झाला. सोयरीक मोडल्याचा राग त्याने माझ्यावर काढला. वड्याचं तेल वांग्यावर.

"आबा, ह्या धुडापायी माझं लगीन मोडलं. आता बिघडलंय, तर ठिवायचं कशाला? भंगारात द्या. हितं दोन खोल्या काढू, भाडं येईल. गिरणीचं लफडंच नगं."

भिवाजी खरं बोलले तर बायकांचं तेल कुठे गेलं ते सांगावं लागणार होतं. गप्प राहिले तर मी जाणार होतो आणि माझ्यामागे गिरणी. ते गप्प राहिले.

आठवडा असाच गेला आणि त्यापुढच्या रविवारी सकाळी भंगारवाला आला. त्याच्याही टेम्पोला तेल नव्हतं, म्हणून गावातलीच एक उरलेली बैलगाडी मागून आणली होती. ज्या बैलांना घालवून मी इथे आलो, त्यांचे भाऊबंदच मला न्यायला आले, याचं मला हसू येत होतं. भंगारवाल्याने हातोडीने मला ठोकून बघितलं. कैलासने पाना लावून पहिला बोल्ट काढला. दुसरा काढला. बातमी पसरली तशा बायका दारात जमल्या.

गोजराबाई पुढे आली. जातं ओढून तिच्या तळहाताला फोड आले होते. तोच हात तिने माझ्या चाकावरून फिरवला. "लई दळलंस रं बाबा आमचं," ती म्हणाली. "तुझी काय चूक न्हाई. समदंच एक दिस थकतं."

भिवाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हा चंद्राबाई त्यांच्याजवळ गेली. हळू बोलली, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"अवं, त्याला तोंड न्हाई म्हून त्याच्यावर ढकललंत. तुमी सांगता का मी सांगू? खटका म्याच पाडलाय, माझंबी पाप हाय त्यात."

कैलासचा पाना थांबला. भिवाजी वळले. त्यांनी हात पुन्हा माझ्या टाकीवर ठेवला.

"आक्का, इंजिन चांगलं हाय," ते म्हणाले. "त्याला काय बी झालेलं न्हाई. पिंपात तेल न्हाई. पाव्हण्यांना दावायला म्या रिकामी गिरण चालवली. चार दिस. तुमचं समद्यांचं तेल म्या जाळलं."

एका बाईने जाऊन पिंपावर टिचकी मारली. ते पोकळ वाजलं.

गोजराबाई भिवाजींसमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तेल गेलं ते गेलं. संप मिटंल, तेल यील. पर भिवा, शनवारी तेल निम्मं हुतं न्हवं? तवा बोलला असतास तर? आमी भात ऱ्हाऊ दिला असता, पीठ तेवढं घेतलं असतं. आठ-धा दिस मी तुझ्या इंजिनासाठी हळहळले आणि तुझं तोंड चांगलं चालत हुतं."

"चुकलो आक्का."

"चुकलास तर खरंच," ती म्हणाली. "कैलास, लाव ते बोल्ट परत."

कैलासने बापाकडे बघितलं नाही. खाली बसून त्याने मुकाट्याने बोल्ट आवळायला घेतले. त्या गडबडीत एक कुठे हरवला तो सापडलाच नाही. आजही मी चाललो की त्या कोपऱ्यात थोडा हलतो. भंगारवाला रिकाम्या गाडीने गेला.

संप मिटला. गिरणी पुन्हा गुरुवारी आणि रविवारी चालू लागली. पण गोजराबाईने दोन गोष्टी बदलल्या. धुराड्यावरचा डबा तिने भिवाजींच्याच हाताने उतरवून घेतला. आणि तेलाचं पिंप आतून काढून बाहेर ओट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलं. दळण सुरू करण्याआधी भिवाजींनी त्यात काठी बुडवायची, वर काढून सगळ्यांना दाखवायची आणि किती तेल आहे ते मोठ्याने सांगायचं. शिक्षा म्हणाल तर शिक्षा, आणि नेम म्हणाल तर नेम. आळीतल्या जात्यांनाही टाकी लावून घेतली. तेल पुन्हा तुटणार हे आता सगळ्यांना कळून चुकलंय.

सगळं गोड झालं असं समजू नका. लवळ्याची सोयरीक काही परत आली नाही. कैलास पुढे दुसरीकडे लग्न करून हिंजवडीलाच राहायला गेला आणि गिरणीत फारसा येत नाही. आता दोन हजार दहा साल चालू आहे. आजूबाजूला उंच इमारती उभ्या राहिल्यात. त्यांच्या तळघरांत माझे तरणे भाऊबंद, ते जनरेटर, धडधडत असतात. रस्त्यावर गाड्यांची रांग जागच्या जागी उभी, सगळ्यांची इंजिनं चालू. तो रिकामं पळण्याचा आवाज मला ओळखता येतो. ऐकूनच थकायला होतं.

परवाच्या गुरुवारची गोष्ट. पंपावर पुन्हा तेल मिळत नव्हतं. ओट्यावर बायकांची ही गर्दी. भिवाजींनी काठी बुडवली, वर काढली. नुसतं टोक भिजलं होतं. त्यांनी ती उंच धरली. पूर्वीचा माणूस असता तर काठी खाली लपवली असती.

"बायांनो, लई थोडं हाय," ते म्हणाले. "समद्यांचं व्हायचं न्हाई."

मग एका बाईने विचारलं, कुणाच्या घरी लहान पोरं आहेत, कुणाकडे म्हातारं आजारी आहे. त्यांची दळणं पुढे सरकवली. गोजराबाईने आपला डबा उचलून काखेत घेतला आणि जात्याकडे निघाली. तिच्यामागे कल्पना, मग आणखी दोघी. भांडण झालं नाही, आरडाओरडा नाही. चंद्राबाईने खटका पाडला. उरलेलं दळण मी दळलं, आणि शेवटचं पीठ पडलं तेव्हाच तेल संपलं.

मित्रांनो, मी तेलावर जगणारा. तेल संपणार हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मला वापरायला हरकत नाही, त्यासाठीच माझा जन्म आहे. वंगण घाला, धूळ पुसा, दळण जमवून मग मला हाक मारा. पण तुमच्या घरात, गावात, शहरात, कुठल्याही पिंपात काठी बुडवायची वेळ तुमच्यावर आली, तर ती वर काढून शेजाऱ्याला दाखवा. पिंपात थोडं शिल्लक असताना दाखवा.